लायब्ररीत भोक

आमच्या कार्यालयात सर्व कारभार ऑनलाइन झालेला असून कोणाचेही कोणतेही काम अडत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. सोमवारी मात्र सगळ्यांचेच अडले. पडद्यावर एक गोल चक्र फिरू लागले आणि खाली अक्षरे उमटली, ‘कृपया थांबा’. कर्मचारी आज्ञाधारक असल्याने सगळे थांबले.

संगणक विभागातल्या ढापण्याने कारण शोधले. कोणीतरी एक खोडसाळ डिजिटल दाखला पाठवला होता. दाखला खरा की खोटा हे तपासायला एक तयार प्रोग्रॅम असतो, त्याला क्रिप्टोग्राफीची लायब्ररी म्हणतात. ती त्या दाखल्यात गुरफटली होती. ढापण्याने अहवाल पाठवला: ‘लायब्ररीत सुरक्षेचे भोक आहे. एकाच्याच कामात अडकून ती बाकी सर्वांना सेवा नाकारते. तातडीने बदलावी.’

मोठ्या साहेबांनी ‘ती’ आणि ‘बदलावी’ या शब्दांखाली रेघ मारली आणि तळमजल्यावरच्या ग्रंथपाल बाईंना निलंबित का करू नये, अशी नोटीस काढली.

बाई तरातरा ढापण्याकडे आल्या. “अरे मेल्या, मी कुणाला सेवा नाकारली? वर्षभरात एकच माणूस आला, तोही पंख्याखाली झोपायला. त्यालासुद्धा उठवलं नाही मी!”

“बाई, तुमच्याबद्दल नाही हो. ती लायब्ररी वेगळी.”

“मग सांग ना साहेबांना!”

“सांगितलं. म्हणाले, दोन-दोन लायब्रऱ्या कशाला? माणसं असलेली बंद करा.”

दरम्यान भोक बुजवायला बाईंच्या लायब्ररीत गवंडी पाठवण्यात आला. त्याने चारही भिंती ठोकून पाहिल्या, भोक सापडेना. आदेश तर बुजवण्याचा होता. कर्तव्यदक्ष गवंड्याने आधी भोक पाडले. मग सिमेंटची मागणी ऑनलाइन करायची होती, तिथे चक्र फिरत होते. भोक तसेच राहिले आणि बाईंविरुद्ध भक्कम पुरावा तयार झाला. साहेबांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली.

आता बाईंना रडू फुटले. “नोकरी गेली तर घर कसं चालायचं रे? ह्यांची फॅक्टरी तर कधीच बंद पडलीय.” मग डोळे पुसत म्हणाल्या, “एवढं काय वाचतेय ती तुझी मेली लायब्ररी?”

“त्या दाखल्यात म्हटलंय, खात्रीसाठी जोडलेला दाखला पाहा. जोडलेल्यात म्हटलंय, खात्रीसाठी पहिला पाहा. बसलीय फिरत.”

“कंटाळत नाही?”

“‘पुरे’ म्हणायला तिला कुणी शिकवलंच नाही.”

बाईंचा पदर डोळ्यांपाशीच थांबला. “आपल्या समितीला शिकवलंय का रे?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन कागदांचा खुलासा सादर केला. पहिल्यावर लिहिले होते, ‘सविस्तर खुलाशासाठी सोबतचे जोडपत्र पाहावे.’ जोडपत्रावर लिहिले होते, ‘मूळ खुलासा पाहावा.’

समितीने दार लावून घेतले. चौकशी पूर्ण होईपर्यंत आत कोणी जायचे नाही आणि आतल्यांनी बाहेर यायचे नाही, असा नियम आहे. चौकशी अद्याप चालू आहे.

बाईंची नोकरी शाबूत आहे, कारण निलंबनावर सही करणारे साहेब आत आहेत. प्रोग्रॅम बदलायलाही त्यांचीच सही लागते, म्हणून चक्र फिरते आहे. गवंड्याने लायब्ररीच्या भिंतीत पाडलेले भोक नेमके पलीकडे समितीच्या खोलीत निघाले. त्यातून बाई वेळच्या वेळी चहा आत सरकवतात. लायब्ररीची सेवा इतकी अखंड यापूर्वी कधीच नव्हती.

“कुठवर आलं, साहेब?” त्या भोकातून विचारतात.

“झालंच. जोडपत्र तेवढं बघायचं राहिलंय.”

नागरिकांची मात्र एकही तक्रार नाही. चक्र दिसले की ते मोबाइल घेऊन खिडकीपाशी जातात, हात उंच करतात आणि म्हणतात, “आपलंच नेट गंडलंय.” परवा आपणही असेच म्हणालात. कार्यालय आपले आभारी आहे.