सुट्टी किती वाजता?

आमच्या शेजारचे बापूराव नोकरी मागायला गेले, की नाव सांगण्याआधी सुट्टीची वेळ विचारत. मालकाने पानाचे तबक पुढे केले, तरी पान उचलता उचलता पहिला प्रश्न तोच, "सुट्टी किती वाजता?" पान मिळे, नोकरी मिळत नसे.

माणूस आळशी म्हणावा, तर तेही खरे नव्हे. पहाटे बोलवा, कंदील घेऊन येतो, असे ते आपणहून सांगत. रविवारीही यायला तयार. अक्षर स्वच्छ, हिशेब पक्का. जमेला एवढे सगळे आणि खर्चाला एकच प्रश्न. पण तो सगळी जमा खाऊन टाकी.

मी त्यांना समजावले, की आधी नोकरी पदरात पाडून घ्या, मालकाला काम आवडू द्या, मग वेळेचे हळूच काढा. सारे जग असेच करते.

"नानाजी, लग्न लागल्यावर पत्रिका पाहून राहिले का कोणी?" ते म्हणाले. "मालक मला दहा गोष्टी विचारते. मी एक काहून नाही विचारायची?"

तरी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका कापडवाल्या सेठजींकडे मी शब्द टाकला, आणि बापूरावांकडून गप्प राहण्याचे वचन घेऊन त्यांना तिथे नेले. वचन त्यांनी पाळले. निदान दुकानाच्या पायरीपर्यंत. सेठजी खूश होऊन उद्यापासून या म्हणाले. जोडे घालता घालता बापूराव वळले.

"सेठजी, छुट्टी कितने बजे?"

दुकान बंद होईल तेव्हा, असे सेठजी हसत म्हणाले.

"तो फिर नमस्ते."

संध्याकाळी मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. दिवेलागण झाली होती. वहिनी अंगणात तुळशीपाशी निरांजन ठेवून उभ्या होत्या, जागच्या न हलता. बापूरावांनी त्यांचा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि "उंबरा आला, आता डावीकडे," असे सांगत त्यांना आत नेले. दिवसा विहिरीवरून पाणी भरणाऱ्या वहिनींना अंधार पडला की काही दिसत नाही, हे भिंतीला भिंत लागून असूनही मला ठाऊक नव्हते.

ते बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सेठजींना हे सांगायचे होते."

"तिचे डोळे बाजारात काहून नेऊ?" ते म्हणाले. "वेळ विचारली, तेवढं बस."

दुसऱ्या दिवशी कमानिया गेटजवळच्या एका छापखान्यात गेलो. तिथे कारकून हवा होता. मालकांनी मला उमेदवाराचे नाव विचारले.

"नाव सांगतो," मी म्हणालो. "आधी सांगा, सुट्टी किती वाजता?"