दामूकाकांची राहिलेली कसर

दामूकाकांशी बोलायचं तर त्यांच्याबरोबर चालावं लागे. आमच्या राजपुऱ्यात कुणाकडे लग्न निघालं, की आमंत्रण देणारा बिचारा अक्षता घेऊन त्यांच्या मागे थेट कचेरीपर्यंत पळे. ‘कसं काय, काका?’ विचारलं, तर ‘ठीक’मधला ‘ठी’ आमच्या दारात आणि ‘क’ कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ऐकू जाई. वर ‘फुरसत कुठंय!’ हे असायचंच. कचेरीत ते कागदांच्या नकला उतरवणारे नकलनवीस होते, पण गोऱ्या साहेबाचं राज्य आपल्याच बोरूवर चाललंय, अशी त्यांची चाल.

मी लग्न होऊन शेजारी आले, त्या हिवाळ्यात काका पहाटे तापीवर अंघोळीला गेले आणि हुडहुडी भरून परतले. निमोनिया! तेव्हा त्याच्यावर ना सुई ना गोळी. छातीवर अळशीचं पोटीस बांधायचं आणि ताप उतरायची वाट बघायची. सासूबाई मला घेऊन त्यांच्या घरात गेल्या. इतक्या वर्षांत त्या घरात कुणी पाऊलच टाकलं नव्हतं. चूल थंड, दुसरा पाट नाही. रोज संध्याकाळी हा माणूस एवढ्या लगबगीनं घरी येई, आणि घरात कुणीच नसे.

ताप उतरला त्या सकाळी काकांनी डोळे उघडून विचारलं, “माझा कोट?”

“कोट खुंटीलाच राहू द्या,” डॉक्टर म्हणाले. “ताप गेला, आजार नाही गेला. पहिल्यासारखी ताकद यायला महिने लागतील.”

“महिने? अहो, फुरसत कुठंय!”

डॉक्टरांची पाठ वळताच काका कोट-पागोटं चढवून निघाले आणि आमच्या दाराशीच गुडघ्यांतून वाकले. मी धावले.

“काही नाही, सूनबाई. पागोटं सैल झालंय, जरा बसून बांधतो,” ओट्यावर टेकत ते धापा टाकत म्हणाले. पागोटं बांधायला त्यांना दुपार झाली.

मग त्यांची तब्येत ओट्याओट्यानं सुधारू लागली. आज आमचा ओटा, काही दिवसांनी पलीकडचा, मग त्याच्या पलीकडचा. बसले की कुणी मुगाचं कढण देई, कुणी गरम दूध. कुणाच्या बाळाला दात येतायत, कुणाचे पापड तळताना फुटतात, सगळं काकांना कळू लागलं. पापडांच्या बाबतीत तर ते सल्लाही देऊ लागले. होळीपर्यंत ते इतवाऱ्याच्या बाजारात पोचले, पण परतायला उशीर होई. दम लागे म्हणून थोडा, गप्पा राहिल्या म्हणून जास्त.

एके दिवशी डॉक्टरांनी छाती तपासली. संध्याकाळी काका आमच्या दाराशी आले, पण बसले नाहीत.

“डॉक्टर म्हणतात, छाती साफ झाली. उद्यापासून कचेरी.” एखाद्याच्या जाण्याची बातमी सांगावी, तसा आवाज होता.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “डॉक्टराला काय समजतंय? तुमच्या तोंडावर अजून रंग कुठे आहे, भाऊ? कचेरीतून आलात की रोज इथं बसत चला. अंगातली कसर जाईपर्यंत.”

“कसर आहे ना अजून?” काकांनी घाईघाईनं विचारलं.

“आहे तर! वर्षभर तरी राहील.”

काका बसले, आणि जरासे खोकलेसुद्धा.