अप्पांचा नंदी

लातुरात भर मे महिन्यात ज्या घरातला एकुलता एक कूलर माणसांकडे पाठ करून विमानाला वारा घालतो, ते घर आमच्या समोरचं. मन्मथअप्पांचं. अप्पा स्वतः उघड्या अंगानं पंख्याखाली घाम पुसत येरझाऱ्या घालत असतात आणि आल्यागेल्याला सांगत असतात, "नंदीला उष्णता सोसत न्हाई. सांधे सुटतेत त्येचे. बॅटरी फुगती."

नंदी म्हणजे अप्पांचं विमान. दुसऱ्या महायुद्धात कुठल्याशा देशानं वापरलेल्या लढाऊ विमानाची ही फोमची, रिमोटवर उडणारी प्रतिकृती. पण प्रतिकृती म्हणून डोळ्यांपुढं खेळणं आणू नका. दोन्ही पंख लावले की ते अप्पांच्या दारातून बाहेर निघत नाही. पंख सोडवून, धड आडवं धरून, दोघांनी हळूहळू पायऱ्या उतरवावं लागतं. तेव्हा गल्लीतून जाणाराला वाटतं, अडलेल्या बाईला दवाखान्यात हलवतायत. नाकावर मुळात शार्कचा जबडा रंगवलेला होता. तो पाहून सुगलाबाई, म्हणजे अप्पांच्या मंडळी, देवघरात जाऊन बसल्या आणि बाहेर येईनात. मग अप्पांनी ते दात रंगानं बुजवले, तिथं दोन शांत, मोठे डोळे काढले आणि वर विभूतीचे पट्टे ओढले. असं ते युद्धाला निघालेलं विमान शिवभक्त झालं.

अप्पांची एमआयडीसीत डाळमिल आहे. तुरीचा सौदा करायला हैदराबादला गेले, तिथं कुणालातरी मोकळ्या मैदानात असलं विमान उडवताना पाहिलं, आणि सौदा बाजूला राहिला. परत आले ते एसटीच्या मागच्या सीटवर हे खोकं मांडीवर घेऊन. मूळ गाव निलंग्याच्या खाली. भूकंपात गाव गेलं, घर गेलं, थोरला भाऊ गेला. नवराबायको एक ट्रंक घेऊन लातुरात आले आणि इथलेच झाले. मूलबाळ नाही. त्या दिवसांचा विषय निघाला की अप्पांना एकदम मिलमधलं काहीतरी काम आठवतं आणि ते उठतात. तसे ते कुठलाही विषय निघाला तरी उठतातच. चहाचा कप ते स्वयंपाकघरात घेतात, अर्धा ओसरीवर पितात आणि उरलेला कुठंतरी विसरतात. सुगलाबाई मग घरभर कप शोधत फिरतात. त्यांचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीवरचं. नवऱ्याचं फारच झालं की त्या दोन्ही हात वर करून म्हणतात, "साकु! साकु!" कानडीत पुरे. अप्पांना पुरे हा शब्द कुठल्याच भाषेत कळत नाही.

माझी यात भरती कशी झाली ते सांगतो. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. लातुरात क्लासेसचं पीक आल्यापासून पोरं कॉलेजात नावापुरती असतात आणि मराठीला तर नावापुरतीही नसतात. पोरांचा सगळा जीव फिजिक्स-केमिस्ट्रीत. एकदा रिकामा वर्ग बघून मी सकाळीच घरी परतलो, तर अप्पा गेटवर उभे.

"सर, रिकामेच हाव का?"

"हो."

"मग चला. उभं राहायला मानूस पाहिजे."

उभं राहणं एवढंच काम, असं वाटलं होतं. मिलच्या छोट्या हत्ती टेम्पोत नंदीला गाद्यांवर निजवून आम्ही रिंग रोडच्या पलीकडं गेलो. तिथं एका माळावर प्लॉटिंग पडलेलं आहे. प्लॉट विकले गेले, घरं यायची आहेत, रस्ता मात्र आधीच झालाय. हीच अप्पांची धावपट्टी. आधी ते स्वतः खराट्यानं ती झाडतात. मग पंखांखाली दोन बोटं लावून विमान उचलतात आणि ते नाकावर कलतं की शेपटीवर, हे श्वास रोखून बघतात. जड वाटलं तर बॅटरी इंचभर मागं सरकवतात. मग मी नंदीजवळ थांबायचं आणि अप्पांनी रिमोट घेऊन लांब लांब चालत जायचं. रिमोटचा सांगावा लांबूनही पोचतो का, याची ती परीक्षा.

"हाललं का?" लांबून आरोळी.

"हाललं!"

"कोनतं हाललं?"

"शेपटी!"

"डावीकडं का उजवीकडं?"

"माझ्या डावीकडं!"

"तुमच्या न्हाई, त्येच्या!"

आजूबाजूला म्हशी चारणारे लोक आमच्याकडे बघत उभे राहायचे. एकानं मला एकदा बाजूला घेऊन विचारलंही, "पाव्हणं लांबचे हायत का? दवाखान्यात दाखवलं का?"

पण नंदी उठला की ते लोकही तोंड उघडं टाकून वर बघायचे. रस्त्यावरून धावत, जराशी उसळी घेत तो सुटायचा, चाकं पोटात मिटायची आणि ते एवढं थोरलं धूड चिमणीसारखं हलकं व्हायचं. अप्पांचं अंगही त्याच्याबरोबर वळायचं. विमान डावीकडं झुकलं की अप्पा डावीकडं झुकायचे. उतरवताना मात्र त्यांचा जीव टांगणीला. "चढवनं कुनालाबी येतंय सर, उतरवताना बापाची आठवन येती." एखादं उतरणं वाकडं व्हायचंच. मग घरी येऊन सुगलाबाईंच्या चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी नंदीच्या चेपलेल्या नाकावर धारेनं सोडायचं. फोमची चेप हळूहळू फुगून वर येते. अप्पा ते कौतुकानं बघायचे. "बगा, सूज आली. आता बरं व्हईल." औषधोपचाराचं हे उलटं शास्त्र मला फक्त त्यांच्याकडंच बघायला मिळालं.

एकदा वाऱ्यानं नंदी भरकटला आणि जवळच्या एका अभ्यासिकेच्या पत्र्यावर धाडकन आदळला. भूकंपानंतरच्या काळात असा आवाज झाला असता, तर अख्खी गल्ली रस्त्यावर आली असती. आम्ही धापा टाकत आत शिरलो. ओळीनं पोरं बसलेली, प्रत्येकाचं डोकं पुस्तकात. एकानंही मान वर केली नव्हती. अप्पा ओरडले, "कुनाला लागलं तर न्हाई ना रे?" तेव्हा कोपऱ्यातल्या एकानं न बघताच ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीकडं इशारा केला. भिंतीवर लिहिलं होतं, शांतता राखा. बाहेर आल्यावर अप्पांनी नंदीला पत्र्यावरून उतरवलं. मोडलेला पंख काखेत धरून म्हणाले, "आकाशातून इमान पडलं सर. पोरांनी बगितलंबी न्हाई."

अशी पोरं अप्पांच्या स्वतःच्या घरीही होती. वरच्या मजल्यावर मेडिकलच्या तयारीला आलेल्या मुली राहायच्या. त्यातली पल्लवी माहूरकडची. वडील तिथं देवीच्या पायऱ्यांशी हळदीकुंकवाचं दुकान लावतात. पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं म्हणून ती दुसऱ्यांदा बसली होती. नंदीकडं मान वर करून बघणारी तेवढी एकच. जिन्यातून जाताना त्याच्या पंखावरून बोट फिरवायची आणि अप्पांना विचारायची, "आज कसाय तुमचा पेशंट?"

त्या वर्षी निकालाच्या आधीच एका मोठ्या क्लासचे डायरेक्टर सर पेढ्यांचा पुडा घेऊन अप्पांकडं आले. गुणवंतांचा सत्कार आमच्या गल्लीमागच्याच मैदानावर होता आणि त्यांना आकाशातून पुष्पवृष्टी हवी होती. अप्पा पेढा तोंडात असतानाच हो म्हणाले. फक्त अट घातली, माणसांच्या डोक्यावरून विमान नेणार नाही, स्टेजपुढची जागा मोकळी ठेवा.

मग आमच्या सकाळी त्यातच गेल्या. नंदीच्या पोटाखाली प्लास्टिकचा डबा बसवला, त्याला झाकण, झाकणाला चिमुकली मोटार. रिमोटवरचं एक बटण दाबलं की झाकण उघडायचं. फुलं महाग, म्हणून तालीम तुरीच्या चुनीवर, म्हणजे मिलमधल्या डाळीच्या चुऱ्यावर. पहिल्या दिवशी झाकण वेळेआधी उघडलं आणि सगळी चुनी माझ्या डोक्यावर आली. अप्पा आनंदानं नाचले, "पडलं, पडलं! सर, हलू नगा, किती पसरलं ते बगू द्या!"

आणि निकाल लागला. बाकीच्या मुलींचं बरंवाईट काहीतरी झालं. पल्लवीचं काहीच झालं नाही. बाकीच्या आपापल्या गावी गेल्या. ती गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसली ती बसलीच. रडली नाही, बोलली नाही, ताट आलं तसं परत जाऊ लागलं. अप्पांनी तिच्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, सुट्टीची गर्दी आहे, एकटाच आहे, दोन-चार दिवसांत दुकान कुणाच्या तरी हवाली करून निघतो.

अप्पांची तेव्हाची तगमग मी पाहिली आहे. घटकेघटकेला ते गच्चीवर जायचे. टाकी भरली का बघतो. डिशची तार सुटलीय. कबुतरं लई झालीत. वर जायचे, टाकीत डोकावायचे, घसा खाकरायचे आणि खाली यायचे. शेवटी सुगलाबाईंनी डाळीचं सूप उचललं आणि त्याच वर जाऊन बसल्या. पोरीच्या शेजारी बसून दिवसभर डाळ निवडायच्या. डाळ मिलमधून निवडूनच येते, हे त्यांनाही माहीत होतं.

"बोला की तिच्याशी काहीतरी," मी अप्पांना म्हणालो.

"काय बोलू? मला बोलता येतंय का?" अप्पा चिडले. "तुमी मराठीचे. तुमी सांगा, काय बोलतेत आशा टायमाला?"



सत्काराच्या दिवशी मैदान भरून गेलं. स्टेजवर गुणवंत पोरं, गळ्यात हार, शेजारी आईबाप. बँड वाजत होता. आम्ही मैदानाच्या कडेच्या रस्त्यावरून नंदीला सोडलं. पोटात झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या. आभाळ भरून आलेलं, पण पान हलत नव्हतं. डायरेक्टर सर माइकवरून म्हणाले, "आता आपल्या यशवंतांवर होणार आहे प्रत्यक्ष आकाशातून पुष्पवृष्टी!" हजारभर माना वर झाल्या.

नंदी एक चक्कर मारून आला. अप्पांचा अंगठा बटणावर होता, मी बघत होतो. नंदी स्टेजपुढच्या मोकळ्या जागेवर आला आणि तसाच पुढं गेला. "दुसऱ्या फेरीला टाकतील," सर माइकवर म्हणाले. दुसऱ्या फेरीत अप्पांनी स्टेजकडं बघितलं, मग मागं वळून आमच्या गल्लीकडं बघितलं.  आणि मग त्यांचं सगळं अंग उजवीकडं झुकलं. नंदी मैदान सोडून घरांच्या दिशेनं वळला, कधी नव्हे तो घरांवरून गेला, अप्पांच्या गच्चीवर पोचला आणि तिथं त्याचं पोट उघडलं.

बँड मधेच थांबला. लांब, गच्चीवर, पिवळंतांबडं काहीतरी सावकाश खाली येत होतं.

डायरेक्टर सर स्टेजवरून उतरून तरातरा आले. "हे काय केलंत तुम्ही? सगळ्यांसमोर शोभा केली आमची!"

अप्पांची नजर विमानावर. आधी त्यांनी ते नीट उतरवलं. मग रिमोट छातीशी धरून म्हणाले, "वारं फिरलं, सर. माफ करा. वाऱ्याचं काय सांगता येत न्हाई."

सरांनी झाडांकडं बघितलं. झाडं मुकाट उभी होती.

नंदीला घेऊन घरी आलो. अप्पा जिन्याच्या तळाशी थांबले. वर जाईनात. तेवढ्यात सुगलाबाई चार पायऱ्या उतरून आल्या. केसांत पाकळ्या, सुपात डाळीपेक्षा फुलं जास्त.

"पोरगी रडली बगा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "निकाल लागल्यापासून पयल्यांदा रडली. लई रडली. आता भाकर खायलीय." आणि पदर सावरत परत वर गेल्या.

"चला अप्पा, वर जाऊ," मी म्हणालो.

"नगं. खाऊ द्या तिला." ते नंदीच्या पंखाचा स्क्रू उगाच घट्ट करत राहिले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "सर, भूकंपात आमच्या गावावरून लई हेलिकॉप्टरं गेली. मोठी मोठी मानसं बगाया यायची. त्येंचंबी ते कामच व्हतं, मी नावं ठेवत न्हाई. आमी ढिगाऱ्यावरून हात हालवायचाव. खरं सांगू का? वरून कायतरी टाकावं आसं न्हवतं. निस्तं आमच्या डोक्यावर येऊन एक गिरकी मारली आसती ना, तरी बरं वाटलं आसतं. आपल्याला बगितलं कुनीतरी, आसं."

त्यांनी हे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं असावं. 

वर गच्चीच्या कठड्याशी पल्लवी आली. डोळे सुजलेले, हातात भाकरीचा तुकडा.

"अप्पा," तिनं हाक मारली, "अजून एकदा सोडा की."

अप्पा गडबडले. डब्यात हात घालून बघितलं, डबा उलटा केला.

"फुलं सपली, माय." मग जरा थांबून, मान वर करून त्यांनी विचारलं, "निस्तं इमान आनू का?"

"आणा," ती म्हणाली.