नायकाची बाज आणि आठ वर्तुळं

चुन्यानं आखलेल्या आठ वर्तुळांपैकी तिसरं बाकीच्यांपेक्षा दोन वीत मोठं होतं. त्यात बाज ठेवायची होती, आणि बाजेचा एकही पाय रेषेबाहेर गेलेला विमलताईंना चालत नसे. त्या पांढरकवड्याच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि मुलींचा हँडबॉलचा संघही सांभाळत.

खेळ नवा होता. सात-सात जणी, एक चेंडू, आणि गोल मारायचा तो हातानं. संघातल्या आठपैकी पाच मुली पूनमसिंग नायक प्रमुख असलेल्या बंजारा तांड्यावरच्या, म्हणून सराव तांड्याच्या खळ्यावर चाले. ताकद वाढावी म्हणून ताईंनी पुस्तकात वाचून चक्री व्यायाम सुरू केला होता. एका वर्तुळात सरकीचं पोतं उचलायचं, दुसऱ्यात भरली घागर खांद्यापर्यंत न्यायची, तिसऱ्यात बाजेवर चढ-उतार करायची. मिनिटानं शिट्टी वाजली की पुढचं वर्तुळ.

उद्या सकाळच्या मोटारीनं यवतमाळच्या सामन्यांसाठी संघाची यादी जायची होती. नायकाच्या मुलीचं, मानीचं, नाव तिच्यात अजून पेन्सिलीनं होतं. मानीनं चेंडू फेकला की गोल राखणारी बाजूला होई. पण नायक तीन आठवडे नुसता ‘बघू’ म्हणत होता.

“नायक, आज तरी सांगा. पाठवता का मानीला?”

“बघू न, ताई. पोरगी नाजूक हाय. तिथं पडली-झडली त कोन पाह्यते?” असं म्हणत तो बाजेवर येऊन बसला.

“ती बाज व्यायामाची आहे.”

“मंग करा न व्यायाम. मी कुठं अडवून राह्यलो?”

नायकाला ऊठ म्हणायची तांड्यात रीत नव्हती. पहिलं मिनिट मानी बाजेच्या एका कोपऱ्यावर चढ-उतार करत राहिली आणि नायक हलत राहिला.

शिट्टी वाजली. तांड्यावरच्या मुली पुढं निघाल्या, त्या आपापलं ओझं घेऊनच.

“अगं, वस्तू तिथंच ठेवायच्या!”

“उचललेलं ओझं वाटेत कसं टाकावं, ताई?” मानीनं विचारलं. “मुक्काम आल्यावरच उतरवतेत.”

“बरोबर हाय तिचं,” मानीची आई जमनाबाई म्हणाली. “पाठीवर मीठ-धान्य लादलेल्या लदेणीच्या बैलांमागं आमची मानसं अशीच चालत. आन् मुक्काम सांगनार नायक.” तिनं लगेच घागरवालीच्या डोक्यावर चुंबळही ठेवली. सोनीच्या वाट्याला उड्या मारायची दोरी होती. ती खुशीत पुढं गेली.

मानीच्या वाट्याला बाज होती, आणि बाजेवर नायक.

“बापू, पाय वर घ्या. या गं तिघी जनी!”

तिघी आल्या. हात मोकळे हवेत म्हणून सरकीचं पोतं एकीनं नायकाच्या मांडीवर दिलं, दुसरीनं घागर त्याच्या हाती. सोनीनं दोरी त्याच्या गळ्यात अडकवली. चौघींनी चार पाय धरले आणि बाज चौथ्या वर्तुळात गेली.

“अवो ताई, थांबवा न!”

“मिनिट पुरं झाल्याशिवाय थांबवता येत नाही, नायक. मोजमाप चुकतं.” ताईंनी घड्याळ पाहिलं आणि शिट्टी वाजवली. बाज पाचव्यात गेली.

“नाजूक हाय म्हनत होते न?” जमनाबाई शेजारून चालत म्हणाली. “आता बसा मुकाट. पानी सांडू नका.”

आठव्या वर्तुळापर्यंत सगळा तांडा जमला. मुली बाज धरून स्तब्ध उभ्या राहिल्या. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ताईंनी मानीची नाडी मोजली. एकशे अठरा. मग काहीही अर्धवट सोडायची सवय नसल्यामुळे नायकाचीही मोजली. एकशे छत्तीस.

“म्हंजे?” पूनमसिंगानं विचारलं.

“म्हणजे तुमच्यापेक्षा ती कमी दमली आहे.”

तो वाकून मुलीकडं बघत राहिला. तिचा हात हलत नव्हता. मिशीतलं हसू त्याला काही लपवता आलं नाही. जमलेल्यांकडं वळून तो म्हणाला, “पाह्यलं? माही पोरगी हाय!”

“बापू,” मानी म्हणाली, “उतरवू कुठं? मुक्काम सांगा.”

नायकानं मांडीवरचं पोतं सरळ केलं, घागर सावरली.

“मुक्काम यवतमाळ,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “लिवा ताई तिचं नाव. शाईनं लिवा.”