बशीमागे अठरा किलोमीटर

आमच्याकडे लग्न करू इच्छिणाऱ्या माणसाला आपलं पोह्यांवरचं ॲव्हरेज काढून घ्यावं लागतं. त्याचं स्टिकर दंडावर असल्याशिवाय कुणी स्थळ दाखवत नाही. माझं वय चोपन्न, गुडघे त्याहून थोडे मोठे. तरी साताऱ्याच्या कालिंदी भडकमकर या विधवा बाईंनी माझा फोटो पाहूनही नकार कळवला नव्हता. एवढ्यावरच मी महिनाभर खूश होतो. हे स्थळ हुकलं तर दुसरं येणार नव्हतं.

चाचणी केंद्रात साहेबांनी मला बशीभर पोहे खायला घातले आणि रोलरवर चढवलं. रोलर पायाखाली फिरतो, माणूस जागच्या जागी चालतो. समोर पंखा होता.

"हातात पिशवी नको का?" मी विचारलं.

"पिशवी नाही, चढ नाही, ऊन नाही. बोलायचंही नाही, बोलण्यात पोहे जळतात."

"पण साहेब, मी रोज असा चालत नाही."

"कुणीच चालत नाही. म्हणून तर सगळ्यांना सारखं मोजता येतं."

मला ते पटलं. अठरा आलं. इतके चांगले मार्क मला शाळेतही कधी पडले नव्हते. मी लगेच अर्ध्या बाह्यांचा शर्ट शिवायला टाकला.

साताऱ्यात कालिंदीबाईंनी पोहे दिले, स्वतःही खाल्ले, चष्मा लावून माझा दंड वाचला आणि म्हणाल्या, "हे केंद्रातलं झालं. रस्त्यावर किती देता?"

थाप मारायला तोंड उघडलं, पण तोंडात पोहे होते.

त्यांनी कलिंगडाची पिशवी माझ्या हातात दिली आणि आम्ही अजिंक्यताऱ्याचा चढ धरला. ऊन होतं. शिवाय बाई त्यांच्या भावकीतल्या एका भांडणावर माझं मत विचारत होत्या. वाटेतल्या देवळाच्या पुढच्या वळणावर माझे पोहे संपले. मी दगडावर बसलो.

"झाले का अठरा?" त्यांनी विचारलं.

"दीड," मी म्हणालो. "तेही तुम्ही सोबत होतात म्हणून."

आता नकार येणार, हे दिसतच होतं. मला फार वाईट वाटलं, कारण बाई मला मनापासून आवडल्या होत्या.

त्या शेजारी टेकल्या आणि पदर सारून त्यांनी आपला दंड दाखवला. स्टिकरवर बावीस होतं.

"माझे मघाशी देवळापाशीच संपले," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी थांबताय याची वाट बघत होते."

मग त्यांनी पिशवीचा एक बंद धरला, दुसरा मी धरला. परतीची वाट उताराची होती आणि उतारावरचं अंतर केंद्रात धरत नाहीत. घरी आल्यावर त्यांनी पुन्हा पोहे भिजवले, दोघांपुरते.