खळ काही धरेना

वर्षाराणीच्या घरात जंतूला शिरायचंच असेल, तर त्याला आधी उकळून घ्यावं लागे. बाळाची वाटी, चमचा, खुळखुळा, सगळं ती उकळायची. एकदा तर नवऱ्याचा रुमालही उकळला होता. अशा बाईनं एमएस्सीला विषय घेतला बुरशीचा, आणि तीही उकिरड्याच्या वाफेत मजेत वाढणारी!

पिंपळगाव रेणुकाईच्या उकिरड्यांवरून आणलेले तीन वाण तिनं जालन्याच्या कॉलेजात कोंड्यावर वाढवले होते. तिन्हींचं एन्झाइम पिठाचं पाणी करायचं. पण उकळत्यातही टिकतं ते कोणतं, हे सोमवारी मॅडमना दाखवायचं होतं. नाही तर वर्ष गेलं.

कॉलेजातली वीज गेली म्हणून एन्झाइमच्या तिन्ही बाटल्या बदनापूरला घरी आल्या. फ्रिजमध्ये बाळाचं दूध, स्वयंपाकघरभर बाळाचे हात. खूप विचार करून तिनं सगळ्यात बिनधोक जागा निवडली, न्हाणीतली उंच फळी, निळीच्या डबीशेजारी. तिथं बाळ पोचत नव्हतं. सासूबाई पोचत होत्या.

रविवारी सासरे कारभारी सोयरिकीला निघाले होते. त्यांच्या धोतरासाठी गोपिकाबाईंनी मैद्याची खळ शिजवायला घेतली आणि सुनेनं आणलेलं धुण्याचं नवं औषध समजून फळीवरचं एन्झाइमही त्यात ओतलं. खळ पातळ झाली. त्यांनी मैदा घातला. पुन्हा पातळ. जाळ मोठा केला, डबा उपडा केला, तरी पातेल्यात नुसतं पाणी. त्यात बुडवलेलं धोतर भिजल्या पोळीसारखं लोळागोळा झालं आणि कारभारी टॉवेलवर येरझाऱ्या घालू लागले.

“वर्षा, कसलं गं औषध हे? खळ शिजवून राह्यले, तं पाणीच होऊन राह्यलं.”

वर्षाराणीनं आधी बाळाचं तोंड हुंगलं, हात हुंगले. मग ती पातेल्यात डोकावली. रटरट उकळत होतं, आणि ताकाच्या निवळीसारखं पातळ!

“आई, उकळी आल्यावरही पातळ होत होतं?”

“मंग? जितकं उकळलं तितकं जल्दी.”

तिनं सासूबाईंना मिठीच मारली. या आनंदात धोतर वाळणार का, अशी चौकशी कारभारींनी दारातून केली. ती कुणी ऐकली नाही.

“आई, कोणत्या बाटलीतलं ओतलं?”

“कोणत्या म्हंजी? तिन्ही ओतल्या,” गोपिकाबाई कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या. “तळाशी थोडं थोडं होतं, उगी फळी अडवून राह्यल्या होत्या.”