हत्तीशेजारची बिस्किटं

आलेखात हत्तीच्या चाऱ्याच्या खर्चाचा खांब थेट कागदाच्या टोकाला भिडला होता आणि सशांचा खांब शोधण्यासाठी साहेबांनी दोनदा चष्मा पुसला. प्राणिसंग्रहालयाचे हे साहेब मुलखाचे संशयी. चहा गोड लागला, तरी साखर कुणी जास्त टाकली आणि का, याची चौकशी व्हायची.

"सशांना उपाशी ठेवता वाटतं?"

"नाही साहेब. हत्तीपुढे ससे दिसत नाहीत, एवढंच," हिशेबनीस म्हणाला.

"दिसले पाहिजेत! उद्या समितीसमोर हा आलेख टांगायचाय."

हिशेबनिसाने डोकं लढवलं. नव्या आलेखात त्याने प्रत्येक वरच्या रेघेचा आकडा खालच्या रेघेच्या दहापट धरला. ससे झकास दिसू लागले. पण माकडांचा खांबही उंचावून हत्तीच्या खांद्याला लागला आणि साहेबांचे डोळे बारीक झाले.

"माकडं जवळजवळ हत्तीएवढं खातात? की माकडवाल्याच्या घरी जातं सगळं?"

"साहेब, ते दिसतं तसं नाहीये. रेघांवरचे आकडे बघा ना..."

"मीही तेच म्हणतोय, दिसतं तसं नाहीये! उद्यापासून त्याला घरी बसवा."

माकडवाले म्हणजे हिशेबनिसाचे सख्खे सासरे.

तो घरी पोहोचण्याआधीच बातमी पोहोचली होती. "माझ्या बाबांना चोर ठरवलंत?" बायकोने दारातच गाठलं.

सासरे खुर्चीत अंग चोरून बसले होते. "जावईबापू, निवृत्ती तोंडावर आलीय. एक केळं कधी घरी आणलं नाही हो मी. उलट माकडांनीच माझा डबा खाल्लाय."

हिशेबनिसाला स्वतःचीच लाज वाटली. जेवण बाजूला सारून तो पुन्हा कागदाला भिडला.

सकाळी साहेबांनी आलेख पाहिला. सगळं कालचंच होतं, फक्त एक खांब वाढला होता, सशांपेक्षा उंच.

"हा कुठला प्राणी?"

"प्राणी नाही साहेब. आपल्या केबिनमधली बिस्किटं."

साहेबांनी उठून आधी दार लावलं. "हत्तीच्या रांगेत मी? अहो, हे दिसतं तसं नाहीये!"

"कालपासून तेच सांगतोय साहेब."

बाहेर समितीची गाडी थांबली.

"तो पहिला आलेख लावा. साधा, सरळ, प्रामाणिक."

"पण त्यात ससे दिसत नाहीत."

"हत्तीपुढे ससे कसे दिसतील? एवढंही कळत नाही?" साहेब खेकसले. "आणि त्या माकडवाल्यांना आत्ताच्या आत्ता कामावर बोलवा. इतक्या सज्जन माणसावर संशय घेतला तरी कुणी?"